गल्लीतल्या गटारापासून अंदाजपत्रकापर्यंत: ठाणे-नवी मुंबईत आपलं म्हणणं महापालिकेपर्यंत वेळेत कसं पोचवायचं

ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत "महापालिका काही करत नाही" हे वाक्य पहिल्या अर्ध्या तासात येतंच. त्याच सभेत विचारून बघा, आपल्या प्रभागासाठी यंदाच्या अंदाजपत्रकात कुठली कामं धरली आहेत? बहुतेक वेळा कोणालाच सांगता येत नाही. याचा अर्थ लोकांना पर्वा नाही, असा मी काढत नाही. रस्ता खोदला की लोक जमतात, झाडावर कुऱ्हाड पडली की धावत येतात, गटार तुंबलं की फोटो काढून पाठवतात. पर्वा असते म्हणूनच ते येतात. अडचण एवढीच की ते येतात तोवर कामाचं प्राकलन, म्हणजे खर्चाचा अंदाज, झालेलं असतं, निविदा उघडलेली असते, ठेकेदाराच्या हातात कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश, असतो. मग उरतं ते फक्त भांडण.

म्हणून या लेखात मी तक्रार कुठे करावी यापेक्षा निर्णय कधी आणि कुठे होतो आणि तिथे सामान्य माणसाने कसं पोचायचं, यावर जास्त लिहिणार आहे. उदाहरणादाखल एक साधं काम घेऊ: तुमच्या गल्लीत पावसाळी गटार हवं आहे.

आधी मालक शोधा

सगळ्यात जास्त अर्ज इथेच वाया जातात. आपल्याला सगळंच "महापालिकेचं" वाटतं. प्रत्यक्षात या दोन शहरांत एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन यंत्रणांच्या ताब्यात असू शकतात. घोडबंदर रस्ता घ्या. मुख्य रस्ता, सेवा रस्ता, मेट्रोचं काम, उड्डाणपूल यांत ठाणे महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) अशा वेगवेगळ्या यंत्रणा गुंतलेल्या राहिल्या आहेत. खड्डा एकच, पण प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मुंब्रा-शीळ-कळवा भागात विजेची तक्रार महावितरणच्या नेहमीच्या कार्यालयात नेऊन उपयोग नाही. 2020 पासून तिथलं वितरण फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे आहे.

नवी मुंबईत गुंता आणखी वेगळा. शहर वसवलं सिडको या सरकारी कंपनीने, तिची स्थापना 1970 ची. महापालिका आली 1992 मध्ये. त्यामुळे सेक्टरमधला एखादा मोकळा भूखंड, जिथे तुम्हाला बाग हवी आहे, तो पालिकेकडे हस्तांतरित झालेला आहे की अजून सिडकोच्याच नावावर आहे, हे आधी कळायला हवं. औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) येते, शीव-पनवेल महामार्गावर सार्वजनिक बांधकाम विभाग, खाडीकाठी कांदळवनाला हात लागला की वनविभाग.

मालक शोधायचा सोपा मार्ग म्हणजे प्रभाग कार्यालयातल्या बांधकाम विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला भेटणं. ठाण्यात नौपाडा-कोपरी, उथळसर, वागळे, लोकमान्य-सावरकर नगर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा आणि दिवा अशा नऊ प्रभाग समित्यांची कार्यालयं आहेत. नवी मुंबईत बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा ही आठ विभाग कार्यालयं. अभियंता दुपारनंतर बहुधा साइटवर असतो, सकाळी गाठा. "हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे आणि तुमच्या यादीत आहे का?" एवढंच विचारा. पहिल्या भेटीत तक्रारींचा पाढा वाचू नका. हा माणूस पुढे वर्षभर लागणार आहे, आणि त्याच्याकडे दहा गल्ल्या आहेत.

तोंडी उत्तरावर भरवसा ठेववत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्या कायद्यात एक फार उपयोगी तरतूद आहे: अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्याने तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो आणि तसं तुम्हाला कळवायचं असतं. ते हस्तांतरणाचं पत्र आलं की मालक कोण हे लेखी तुमच्या हातात आलं.

आवक क्रमांक नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा

ठाण्याची एक जुनी सवय आहे, आणि ती वाईट हेतूने पडलेली नाही. अडचण आली की माणूस पक्षाच्या शाखेत जातो. टेंभी नाक्यावर आनंद दिघ्यांच्या आनंदाश्रमात लोक आपली गाऱ्हाणी घेऊन रांगा लावत, हे ठाणेकरांच्या एका अख्ख्या पिढीने पाहिलं आहे. शाखेत माणूस ऐकून घेतो, समोरच फोन लावतो, आणि पुष्कळदा कामही होतं. सरकारी कार्यालयात ज्याला कोणी खुर्ची देत नाही, त्याला तिथे मान मिळतो. हे मोठं मोल आहे आणि मी ते कमी लेखणार नाही.

पण फोनवर झालेल्या कामाची नोंद कुठेच राहत नाही. पुढच्या वर्षी तेच गटार पुन्हा तुंबलं की पुन्हा शाखेत जायचं. शाखाप्रमुख बदलला, पक्ष फुटला, तुम्ही त्यांचे मतदार नाही असं कोणाला वाटलं, की दार अर्धं बंद. शिवाय शाखेत गल्लीचं गटार मागता येतं. अंदाजपत्रकात गटारांसाठी किती रक्कम ठेवावी हे तिथे ठरत नाही. म्हणून शाखेत जरूर जा, पण आधी कागद देऊन जा, आणि त्याची प्रत तिथेही द्या.

कागद कसा द्यायचा? दोन प्रती घ्या. एक आवक-जावक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. समोरची व्यक्ती "साहेबांकडे थेट द्या" म्हणाली तरी आग्रह धरा. कधीकधी नुसता शिक्का मारून देतात, क्रमांक लिहीत नाहीत. तो पेनाने लिहून घ्या. शिक्क्याने कागद पोचल्याचं सिद्ध होतं, क्रमांकाने तो कुठल्या टेबलावर आहे ते शोधता येतं. शिक्का मिळाला की तिथेच उभं राहून फोटो काढा, कारण त्या शाईचा रंग पावसाळ्यात उडतो.

मजकूर एका पानाच्या आत ठेवा. असा काहीसा:

"प्रति, सहायक आयुक्त, अमुक प्रभाग समिती, ठाणे महानगरपालिका. विषय: अमुक रस्त्यालगत (अमुक इमारत ते अमुक चौक, अंदाजे 140 मीटर) पावसाळी गटार बांधण्याचे काम पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात समाविष्ट करण्याबाबत. महोदय, वरील रस्त्यास पावसाळी गटार नसल्याने पाणी रस्त्यावर साचते व तळमजल्यावरील घरांत शिरते. सोबत गेल्या पावसाळ्यातील तारखेसह छायाचित्रे व जागेचा हाती काढलेला नकाशा जोडला आहे. कृपया जागेची पाहणी करून प्राकलन तयार करावे व पाहणीचा दिनांक आम्हांस कळवावा, ही विनंती."

यात राग कुठेही नाही आणि मागणी एकच आहे. जागा, लांबी, कुठल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात हवं ते सगळं आहे. "पाहणीचा दिनांक कळवावा" ही ओळ मुद्दाम आहे. "योग्य ती कार्यवाही करावी" असं लिहिलंत तर "कार्यवाही सुरू आहे" असं उत्तर येतं आणि विषय संपतो. तारीख मागितली की कोणाला तरी तारीख लिहावी लागते. पाच वेगवेगळ्या तक्रारी एकाच पत्रात कोंबू नका. पाणी, दिवाबत्ती, गटार यांची खाती वेगळी, त्यामुळे असं पत्र कोणाच्याच टेबलावर नीट बसत नाही.

महापालिकेचं वर्ष दिवाळीच्या आसपास सुरू होतं

कागदोपत्री आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. पण कामांच्या याद्या, प्राकलनं, विभागांच्या मागण्या त्याच्या बऱ्याच आधी, पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात तयार होतात. साधारण फेब्रुवारीत आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, मग ते सर्वसाधारण सभेत जातं. वर्तमानपत्रात मथळे येतात तेव्हा लोकांना अंदाजपत्रकाची आठवण होते. तोवर आकडे बसलेले असतात. फिरवता येतात ते थोडेफार, आणि तेही नगरसेवकांच्या आग्रहाने.

तेव्हा गटाराचं पत्र सप्टेंबर-ऑक्टोबरात द्या. तेव्हा पाणी साचल्याचे फोटो ताजे असतात आणि अभियंत्यालाही पावसाळ्यातला त्रास आठवत असतो. नोव्हेंबरात एकदा जाऊन प्राकलन झालं का ते विचारा. डिसेंबरात त्याच पत्राचा आवक क्रमांक टाकून स्मरणपत्र द्या, प्रत शहर अभियंत्यांना. फेब्रुवारीत अंदाजपत्रकाचं पुस्तक पालिकेच्या संकेतस्थळावर आलं की "पावसाळी गटारे" हे लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या खात्याचं नाव, शोधा. गेल्या वर्षीची तरतूद, सुधारित रक्कम आणि नवी तरतूद असे रकाने शेजारी शेजारी असतात. मूळ तरतूद आणि सुधारित तरतूद यांत मोठी तफावत दिसली तर तिथे थांबा. पैसे कुठे वळवले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

पुण्यात 2006-07 पासून नागरिकांकडून क्षेत्रीय कार्यालयांत कामं मागवून अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. तिच्यातही उणिवा आहेत: कामं लहान असतात आणि पुढे काय झालं ते सुचवणाऱ्याला कळत नाही. तरी नागरिकाने सुचवलेल्या कामाला फॉर्म आहे, मुदत आहे. आपल्याकडे अशी सोय पक्की होईपर्यंत साधं पत्रच वेळेवर द्यायचं.

अंदाजपत्रकात काम धरलं म्हणजे ते झालं असंही नाही. प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश अशी रांग पुढे असते. निविदा राज्य सरकारच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर दिसतात. तिथे कामाचं नाव नेमकं कसं लिहिलं आहे ते उतरवून ठेवा, कारण पुढे फाइल त्याच नावाने सापडते. तुमच्या गल्लीच्या रोजच्या नावाने नाही.

सोमवारी दुपारी तीन ते पाच

ही सोय लोकांना माहीतच नाही, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. राज्य सरकारने 26 नोव्हेंबर 2018 रोजी एक शासन निर्णय काढला. जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायला द्यावेत, असं त्यात म्हटलं आहे. माहिती अधिकाराचा अर्ज नाही, तीस दिवसांची वाट नाही. जायचं, फाइल मागायची, बसून वाचायची.

प्रत्यक्षात पहिल्या वेळी "फाइल दुसऱ्या विभागात आहे" किंवा "संबंधित क्लार्क रजेवर आहे" असं ऐकायला मिळण्याची शक्यता बरीच. म्हणून त्या शासन निर्णयाची प्रत बरोबर ठेवा आणि आदल्या आठवड्यात एक ओळीचं पत्र द्या की अमुक सोमवारी अमुक कामाची फाइल पाहायला येत आहोत. दोघांनी जा. एकजण वाचेल, दुसरा टिपून घेईल.

फाइल उघडली की उजव्या बाजूला पत्रव्यवहार आणि डाव्या बाजूला टिपणी असते. टिपणी आधी वाचा. कोणी काय शेरा मारला, कुठे फाइल दोन महिने पडून राहिली, कोणी "निधी उपलब्ध नाही" लिहिलं, सगळं तिथे तारखेनिशी असतं. अमुक एक साहेब आडवे आले असं आपण गृहीत धरलेलं असतं. टिपणीत कित्येकदा दिसतं की जागेचा सीमांकन नकाशा जोडला नाही म्हणून फाइल परत गेली आणि कोणीच तो नकाशा काढला नाही. अशा वेळी तो नकाशा मिळवून देणं हाच तुमचा सहभाग.

काम पूर्ण झाल्याचं दाखवलं असेल तर मोजमाप पुस्तिका मागा, कार्यालयात तिला एमबी म्हणतात. तिच्यात लांबी, रुंदी, खोली यांचे आकडे असतात आणि त्याच आकड्यांवर ठेकेदाराचं बिल निघतं. आकडे उतरवून घ्या आणि संध्याकाळी टेप घेऊन गल्लीत जा. पुस्तिकेत गटाराची आतली रुंदी 0.60 मीटर असेल आणि तुमची टेप 45 सेंटिमीटरवर थांबत असेल, तर पुढचं पत्र चार ओळींचं पुरतं. कार्यादेशातला दोषदायित्व कालावधीही पाहून ठेवा. त्या मुदतीत झाकण तुटलं, गटार खचलं तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. त्यासाठी पालिकेने पुन्हा पैसे मोजायचे नसतात.

माहिती अधिकार: कमी मागा, नेमकं मागा

फाइल दाखवली नाही तर मग 2005 चा माहिती अधिकार कायदा आहेच. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. "का" ने सुरू होणारे प्रश्न टाळा. "गटार का बांधलं नाही" याला माहिती अधिकारात उत्तर नाही. दस्तऐवज मागा: कार्यादेशाची प्रत, प्राकलनाची प्रत, मोजमाप पुस्तिकेतली त्या कामाची पानं, आजपर्यंत दिलेल्या देयकांचा तपशील. "गेल्या दहा वर्षांतील सर्व कामांची माहिती" असा अर्ज केलात तर "माहिती विस्तृत आहे" असं उत्तर येईल, आणि खरं सांगायचं तर त्या क्लार्कचीही बाजू असते.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा अपुरं आलं, तर त्यापुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील. ते बहुतेक लोक करतच नाहीत, रागावून सोडून देतात. अपिलाची सुनावणी वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे होते आणि तिथे त्याच टेबलावर माहिती मिळून जाते असा माझा अनुभव आहे. दुसरं अपील नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे. तिथे वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलातच तयारीने जा.

एक काळजी. ठेकेदाराचे पैसे गुंतलेले असतात, काही वेळा दमदाटी होते. अर्ज एकट्याच्या नावावर असला की माणूस एकटा पडतो. एकाच विषयावर तिघाचौघांनी थोड्या फरकाने अर्ज करा, घराऐवजी सोसायटीच्या कार्यालयाचा पत्ता द्या. धमकी आली तर पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि त्या कागदाचीही पोच घ्या.

लोकशाही दिन आणि लोकसेवा हक्क

यांच्यावर फार लिहीत नाही. महापालिकेचा लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी गाऱ्हाणी ऐकण्याचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. तिथे वैयक्तिक स्वरूपाचं गाऱ्हाणंच घेतात. गल्लीचं सामूहिक निवेदन, न्यायालयात असलेला विषय परत पाठवतात. दाखले, नळजोडणी, मालमत्ता कराची नोंद अशा अधिसूचित सेवांसाठी 2015 चा लोकसेवा हक्क कायदा जास्त कामाचा. त्यात प्रत्येक सेवेला दिवसांची मुदत आहे आणि मुदत चुकली तर अपील करता येतं, दोषी अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो.

हरकती आणि सूचना: जाहिरातीतली बारीक अक्षरं

शहराचं पुढचं वीस वर्षांचं रूप ज्या कागदावर ठरतं, तो विकास आराखडा. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांसाठी साधारण महिनाभर मिळतो. वृक्षतोडीच्या जाहीर सूचनेला तर जेमतेम आठवडा. ही जाहीर सूचना कुठे येते? वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, राजपत्रात, पालिकेच्या संकेतस्थळाच्या एका कोपऱ्यात. झाडावर लावलेला कागद पावसात भिजून जातो.

2022 मध्ये नवी मुंबई महापालिकेने आपला पहिला प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा मैदानं आणि उद्यानांची आरक्षणं एकीकडे आणि सिडकोचे भूखंड दुसरीकडे, असा सामना उभा राहिला. ठाण्याच्या सुधारित आराखड्यावर 2024 मध्ये गावठाणांतून आणि जुन्या वस्त्यांतून जाणाऱ्या रस्त्यांवरून हरकती आल्या. दोन्हीकडे लोक मोठ्या संख्येने पुढे आले ही चांगली गोष्ट. पण एकच मजकूर झेरॉक्स करून शेकडो सह्या केलेल्या हरकती सुनावणीत एक गठ्ठा म्हणून हाताळल्या जातात. त्यापेक्षा वीस वेगवेगळ्या, नेमक्या हरकती भारी पडतात. हरकतीत आरक्षण क्रमांक किंवा रस्त्याचा क्रमांक लिहा, सर्व्हे किंवा भूखंड क्रमांक लिहा, तुमचं काय बिघडतं ते दोन ओळींत लिहा, आणि शक्य असेल तर पर्याय सुचवा: रस्ता बारा मीटरऐवजी नऊ, आखणी अमुक बाजूने. शेवटी "मला व्यक्तिशः सुनावणी मिळावी" हे विसरू नका, आणि सुनावणीला खरंच जा. बोलायला पाच मिनिटं मिळतील. त्यात नकाशा दाखवा, भाषण नको.

आगरी-कोळी गावठाणांतल्या लोकांचा अनुभव इथे वेगळा आहे आणि तो शहरी वाचकाने समजून घ्यायला हवा. ज्यांची जमीन शहरासाठी गेली, त्यांच्या घरावरून रेषा ओढताना त्यांना विचारलंच गेलं नाही असं त्यांना वाटतं, आणि ते खोटं नाही. आराखड्याची भाषा त्यांच्या रोजच्या भाषेपासून फार लांब. गावठाणाशेजारच्या सोसायटीत एखादा आर्किटेक्ट, सर्व्हेयर राहत असेल, तर त्याने रविवारी सकाळी देवळाच्या ओट्यावर बसून दोन तास नकाशा समजावून सांगणं, याइतकं मोलाचं काम दुसरं नाही.

चिकाटीचं फळ कसं दिसतं तेही सांगतो. नेरूळमधला डीपीएस तलाव फ्लेमिंगोंसाठी प्रसिद्ध. खाडीचं पाणी आत यायचा मार्ग अडला, तलाव सुकू लागला, 2024 मध्ये पक्षी मरून पडले. स्थानिक नागरिक वर्षानुवर्षं पत्रं, फोटो, मानवी साखळ्या, वनविभाग, पालिका, सिडको अशा सगळ्या दारांशी जात राहिले. 2025 मध्ये त्या 30 एकरांना संवर्धन राखीव करण्याला राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. एखाद्या मोर्चाने हे झालं नसतं. दर हंगामाच्या तारखेनिशी नोंदी होत्या, म्हणून "पूर्वी पाणी कुठून येत होतं" या वादात लोकांची बाजू टिकली.

आता नगरसेवक आहेत, तर क्षेत्रसभा मागा

नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. प्रशासक कारभार पाहत होते. या काळात नगरसेवकांच्या प्रभाग समित्या नव्हत्या, स्थायी समिती नव्हती, सर्वसाधारण सभेत कोणी उभं राहून प्रश्न विचारणारं नव्हतं. लोकसहभागाला यापेक्षा मोठा अडथळा मला ठाऊक नाही, कारण एवढ्या वर्षांत दारं कुठे होती हेच लोक विसरले. जानेवारी 2026 मध्ये मतदान झालं. ठाण्यात 131 आणि नवी मुंबईत 111 जागांवर नगरसेवक आले. नवी मुंबईत पूर्वी एका प्रभागाला एकच नगरसेवक होता, आता तिथेही बहुसदस्यीय पद्धत आली.

चार नगरसेवकांच्या प्रभागात एक धोका असतो: काम झालं तर चौघांचे फलक लागतात, नाही झालं तर प्रत्येकजण इतर तिघांची नावं सांगतो. उपाय साधा आहे. प्रत्येक पत्र चौघांच्याही नावे एकाच कागदावर लिहा आणि चौघांनाही पोच घेऊन द्या. एकाला सांगितलं, दुसऱ्याला कळलं नाही, ही पळवाट बंद होते.

74 व्या घटनादुरुस्तीने, जी 1993 मध्ये लागू झाली, तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्याच्या कलम 29-अ नुसार या समितीवर नगरसेवकांबरोबर त्या भागात काम करणाऱ्या स्वयंसेवी आणि वस्ती पातळीवरच्या संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य नेमता येतात. या तीन जागा पुष्कळदा पक्षाच्या कार्यकर्त्यांना जातात. जातात, कारण दुसरं कोणी मागतच नाही. तुमच्या भागात नोंदणीकृत संस्था असेल, तिच्या कामाचे कागद असतील आणि सुचवायची व्यक्ती तिथली मतदार असेल, तर नाव लेखी सुचवा. डावललं गेलं तरी तुम्ही मागितलं होतं याची नोंद राहील.

त्याहून खालची पायरी क्षेत्रसभा. काही मतदान केंद्रांच्या परिसरातले सगळे मतदार तिचे सदस्य, अध्यक्ष नगरसेवक. गावात ग्रामसभा असते तशी ही शहरातली सभा, कायद्यात 2009 पासून आहे. प्रत्यक्षात ती भरलेली फारच थोड्या लोकांनी पाहिली असेल. नगरसेवकांना ती नको असते, कारण समोर विरोधक येऊन गोंधळ घालतील अशी भीती वाटते. म्हणून मागताना भीती कमी करून मागा. "आम्ही शाळेचा हॉल मिळवून देतो, विषय तीनच ठेवू, सुरुवातीला अभियंता माहिती देईल, प्रत्येकाला तीन मिनिटं" असं पत्र दिलं की नकार द्यायला कारण कमी उरतं.

सर्वसाधारण सभाही नागरिकांसाठी खुली असते, सभागृहाने काही कारणाने ती बंद ठेवायचं ठरवलं तरच अपवाद. पाचपाखाडीच्या नरेंद्र बल्लाळ सभागृहात किंवा बेलापूरच्या मुख्यालयात प्रेक्षक म्हणून एकदा बसा. बोलता येत नाही, पण आपल्या प्रभागाचा नगरसेवक काय बोलतो, किती वेळ बसतो, हे दिसतं. आणि त्यालाही तुम्ही दिसता.

कोण येत नाही, तेही बघा

सभा सकाळी अकराला ठेवली की लोकल पकडून गेलेला सगळा वर्ग बाहेर राहतो. सभा रात्री नऊला ठेवली की बायका स्वयंपाकघरातून सुटत नाहीत. पाण्याची वेळ, गटाराचा वास, रस्त्यावरचा अंधार यांबद्दल सर्वांत नेमकी माहिती बायकांकडे असते, आणि सभेत त्याच नसतात. रविवारी संध्याकाळी पाच ही वेळ मला सगळ्यात बरी वाटते.

भाडेकरूंना "तुम्ही इथले नाही" असं ऐकवलं जातं. ऐरोली, घणसोली, कळवा, दिवा या भागांत तर भाड्याने राहणारी कुटुंबं भरपूर. मालमत्ता कराचं बिल मालकाच्या नावावर असलं तरी गटाराचं पाणी त्यांच्याच घरात शिरतं. निवेदनावर त्यांच्या सह्या घ्या. फेडरेशनच्या लेटरहेडवर फक्त सोसायट्यांचे शिक्के येतात. शेजारच्या चाळीचं, बैठ्या वस्तीचं नाव त्याच कागदावर आलं तर त्याचं वजन वाढतं आणि गटार वस्तीच्या तोंडाशी आणून सोडण्याचा प्रकारही टळतो.

व्हॉट्सॲप गटाचा उपयोग निरोपापुरता करा. फोटो टाकला, चाळीस जणांनी अंगठा दाखवला, आणि सगळ्यांना वाटलं काम झालं. पालिकेकडे मात्र काहीच गेलेलं नसतं. आमच्याकडच्या एका गटाने नियम केला आहे: फोटो टाकणाऱ्याने तारीख आणि जागा लिहायची, आणि आठवड्याच्या शेवटी एकाने त्यातल्या गोष्टींची पत्रं करायची. पत्र करणारा दर तीन महिन्यांनी बदलतो. एकाच माणसावर सगळं पडलं की तो दोन वर्षांत थकतो आणि त्याच्याबरोबर सगळी माहितीही जाते. आवक क्रमांकांची एक वही ठेवा: पत्राची तारीख, क्रमांक, विषय, कोणाला दिलं, पुढे काय झालं. ती सोसायटीच्या कार्यालयात ठेवा, कोणाच्या घरी नको.

सुरुवात करायची असेल तर येत्या सोमवारी दुपारी तीनला दोघांनी प्रभाग कार्यालयात जा आणि आपल्या गल्लीतल्या शेवटच्या झालेल्या कामाची फाइल मागा. टेप बरोबर न्या. परत येताना तिचा उपयोग होईल.